तांब्यावरचा तपकिरी थर

टेबलावर दिसणारे हे लांबट, घसरपट्ट्यांवर बसवलेले यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलक्सचा ‘मॉडेल ३०’ व्हॅक्यूम क्लीनर. लुरेल गिल्ड या अमेरिकी डिझायनरने घडवलेले हे रूप १९३७ साली अमेरिकेच्या बाजारात आले, आणि आगगाडीपासून घरगुती उपकरणांपर्यंत सगळ्याच वस्तूंना वेगाचा भास देणारा आकार देण्याची त्या काळी जी लाट होती, तिचा हा देखणा नमुना मानला जातो. बाहेरचे क्रोम फडक्याने पुसले तरी उजळते. आपल्याला मात्र आत जायचे आहे, कारण बटण दाबले की मोटर गुरगुरते, ठिणग्या टाकते आणि थांबते.

अशा मोटरला पुन्हा सरळ वीज देऊन पाहू नये. हे यंत्र अमेरिकेतल्या सुमारे ११५ व्होल्टच्या विजेसाठी बनलेले आहे, त्यामुळे आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते ट्रान्सफॉर्मरशिवाय लावणे म्हणजे ते जाळणेच होय. ट्रान्सफॉर्मर लावल्यावरही पहिली चाचणी १०० वॅटचा जुना तारेचा दिवा मोटरशी सिरीजमध्ये, म्हणजे एकाच ओळीत, जोडून घेतात. दिवा पूर्ण प्रखर पेटला आणि मोटर हललीही नाही, तर आत शॉर्टची, म्हणजे तारा एकमेकींना चिकटल्याची, शंका घ्यावी. तो पेटलाच नाही, तर वायर, स्विच किंवा कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज देणारे कार्बनचे तुकडे) यांपैकी कुठेतरी जोड तुटलेला असतो. इथे दिवा मंद पेटला आहे आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, अडखळत फिरू लागले आहे, म्हणजे वायंडिंग (तारेची वेटोळी) बहुधा शाबूत आहे.

ही एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारी युनिव्हर्सल मोटर आहे. तिच्या फील्ड कॉइल (बाजूच्या स्थिर कॉइल) आणि आर्मेचर एकाच ओळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे वीज एसी असो वा डीसी, दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. हवा जोराने खेचायला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो, आणि तो वेग ही मोटर देते. त्याची किंमत कार्बन आणि कॉम्युटेटर (आर्मेचरवरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे) मोजतात, कारण फिरत्या आर्मेचरला सगळा प्रवाह त्यांच्या घासणीतूनच पोहोचतो.

खेचलेली हवा पिशवीतून गाळून याच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते, म्हणून पिशवी फाटली की बारीक धूळ थेट आत शिरते. ही धूळ कोरड्या ब्रशाने काढावी, पाण्याने कधीही नाही. मग कॉम्युटेटर नीट पाहावा. तांब्याच्या पट्ट्यांवर एकसारखा, चॉकलेटी रंगाचा गुळगुळीत थर असेल, तर त्याला हात लावू नये. नवशिक्या कारागिराला तो मळ वाटतो आणि तांबे चकचकीत करण्याचा मोह आवरत नाही, पण ऑक्साइड आणि कार्बन यांचा तो थरच घर्षण कमी करून पट्ट्यांची झीज रोखतो. आपल्या आर्मेचरवर मात्र हा थर सलग नाही. तांबे झिजून पट्ट्यांमधला वीजरोधक अभ्रक वर आला आहे, त्यावरून कार्बन उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला एक ठिणगी पडते. त्यामुळे हॅक्सॉ ब्लेडच्या घासून पातळ केलेल्या तुकड्याने प्रत्येक फटीतला अभ्रक तांब्याच्या किंचित खाली न्यावा लागतो. हे कंटाळवाणे, मान दुखवणारे काम आहे, आणि इथली घाई पुढे महागात पडते. शेवटी बारीक काचपेपर हलकेच फिरवावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कठीण कण तांब्यात रुतून बसतात.

नवा कार्बन मापाला बसला, तरी त्याचे टोक सपाट असते. कॉम्युटेटरभोवती काचपेपर गुंडाळून, खरखरीत बाजू वर ठेवून, आर्मेचर हाताने फिरवले की टोकाला हवी ती गोलाई येते. स्प्रिंग उष्णतेने मऊ पडली असेल, तर तीही बदलावी. बेअरिंगमधले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले आहे. पुलर लावून बेअरिंग काढावीत आणि त्याच मापाची नवी बसवावीत, शाफ्टवर हातोडा मारू नये. जुन्या वायरचे रबर बोटांत चुरा होते, तेव्हा ती संपूर्ण बदलावी, आणि मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) वायंडिंग व धातूच्या अंगामधले इन्सुलेशन तपासल्याशिवाय यंत्राचे झाकण लावू नये.

हवा खेचणारा पंखा बसवण्यापूर्वी मोटर पूर्ण व्होल्टेजवर चालवणे धोक्याचे आहे, कारण भार नसेल तर अशा एकाच ओळीत जोडलेल्या (सिरीज) मोटरचा वेग आवरत नाही. जोडणी झाल्यावर आता नळीच्या तोंडावर तळहात ठेवला आहे, आणि आवाज चढला आहे. ऐकणाऱ्याला वाटते की मोटरला कष्ट पडत आहेत. प्रत्यक्षात हलवायला हवाच न उरल्याने तिच्यावरचा भार उतरला आहे आणि ती अधिक वेगाने फिरत आहे. मात्र तिला थंड ठेवणारी हवाही त्याच वेळी थांबली आहे, म्हणून तळहात लगेच काढून घ्यावा.