थंडी वाजणारा एसएमपीएस

श्रोतेहो, नमस्कार. बटण दाबलं, कॉम्प्युटर ढिम्म. पंखा नाही, दिवा नाही. लगेच कुणीतरी सांगतंच, "मदरबोर्ड गेला." न उघडता, न मोजता! अहो, आधी एसएमपीएस बघा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. आधी एसएमपीएस.

माझ्या धाकट्या बहिणीचा कॉम्प्युटर सकाळी रुसायचा आणि दुपारी शहाण्यासारखा चालू व्हायचा. मी रॅम काढून पुसली, बटणाच्या तारा तपासल्या, दोन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "दादा, त्याला थंडी वाजत असेल." मी हसलो. तिने केस वाळवायचा ड्रायर आणला आणि मागच्या जाळीतून गरम हवा सोडली. तिचं मन राखायला म्हणून मी एसएमपीएसच्या जांभळ्या तारेला मीटर लावला. कॉम्प्युटर बंद असतानाही ही तार ५ व्होल्ट देते, तिच्याच जिवावर बटण चालतं. मीटरवर ३.९. मग ४.२... ४.६... ४.९ला आकडा थबकला, तिने बटण दाबलं आणि पंखा गरगरला! "आणि मदरबोर्ड?" असं तिने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर होतंच.

एसएमपीएसच्या आत निघाला एवढासा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग. आतला द्रव सुकत आला की तो थंडीत हात टेकतो, ऊब लागली की तेवढ्यापुरता शुद्धीवर येतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारा नवा घातला. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी नाही.

पण ऐका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. पुन्हा सांगतो, प्लग काढल्यावरही. हात बसलेला नसेल तर डबा उघडू नका, सरळ नवा आणा. आणि फ्यूज उडालाय म्हणून नुसता फ्यूज बदलू नका, आत काहीतरी शॉर्ट असतं.

वेळ संपत आली, एसएमपीएस एकटा चालू होतो का ते बघायची हिरवी-काळी राहिलीच! सगळी जोडणी सोडवा. वीज बंद ठेवून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला पेपरक्लिपने जोडा, मग वीज द्या. हिरवी आणि काळी. पंखा फिरला तरी हुरळू नका, पिवळी मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्ट. हल्ली सगळ्याच तारा काळ्या करतात, दिसायला छान म्हणे; दुरुस्त करणाऱ्याने काय हुंगून ओळखायचं? तिथे माहितीपुस्तिकेतला पिनांचा नकाशा समोर ठेवा आणि मगच क्लिप हातात घ्या.