आठ मार्क जास्त

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. ओसरीवर उघडलेली लोखंडी पेटी. आत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद.)

ही पेटी आमच्याकडे सहसा उघडत नाही. आत सातबारा, पीककर्जाच्या पावत्या, आजीच्या मृत्यूचा दाखला. मागच्या उन्हाळ्यात मात्र ती इतक्या वेळा उघडली की आईनं कुलूप लावायचंच सोडलं. कारण, माझी धाकटी बहीण. तिला नर्स व्हायचं होतं.

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. सीझन नसला की कॅमेरा घरीच पडून असतो, म्हणून हे चित्रीकरण जमलं. बहिणीची अट एकच, ‘दादा, माझं नाव घेऊ नको. होस्टेलवर चिडवतील.’ तेव्हा नाव नाही.

(दृश्य: बारावीची गुणपत्रिका, अगदी जवळून.)

बारावी सायन्स, 54 टक्के. आमच्याकडे 54 ऐकलं की लोक ‘पास झाली ना, बस’ म्हणतात आणि विषय कपाशीवर नेतात. नर्सिंगवाले तर हे 54 पाहतही नाहीत. बीएस्सी नर्सिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, एवढेच विषय मोजतात. मराठी आणि भूगोल यांनी ओढून वर नेलेले टक्के तिथं गळून पडतात. फिजिक्स 41, केमिस्ट्री 39, बायोलॉजी 62, इंग्रजी 46. झाले 188. खुल्या गटाला या चार विषयांत मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 400पैकी 180. अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के.

आठ मार्क जास्त. त्या संध्याकाळी तिनं ही बेरीज वहीवर तीनदा केली. चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतली.

ते 180 म्हणजे नुसता उंबरठा, हे आम्हाला उशिरा कळलं. एकदा ओलांडला की बारावीच्या मार्कांना कोणी विचारत नाही. पुढची रांग सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर लागते. आधी राज्यात बीएस्सी नर्सिंगचा रस्ता नीटमधून, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेतून जायचा. 2023पासून वेगळी सीईटी झाली. 100 प्रश्न, 100 मार्क. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड (म्हणजे नर्सिंगकडचा कल), प्रत्येकाचे 20. चुकलं तर मार्क कापत नाहीत.

हिचा हिशोब सरळ होता. फिजिक्स आपल्याला येत नाही, तर त्यातले सोपे तेवढे करायचे. बायोलॉजी आणि ॲप्टिट्यूड मिळून 40, तिथं एकही सोडायचा नाही. इंग्रजीसाठी तिनं काय केलं, तर औषधांच्या खोक्यांतले घडीचे कागद वाचले. आबांना बीपीची गोळी चालू आहे, शेजारच्या काकूंना शुगरची. तो बारीक अक्षरांचा कागद ती डिक्शनरी घेऊन वाचायची. क्लासवाल्यांना ही पद्धत पटली नसती, पण क्लासची फी भरायला आमच्याकडे पैसेही नव्हते.

(दृश्य: एसटी स्टँड. रसवंतीचं गुऱ्हाळ. भिंतीवर चिकटवलेल्या, अर्ध्या फाटलेल्या जाहिराती.)

सीईटीचा निकाल लागायच्या आधीच एक माणूस घरी आला. बारावी नापास असो की काठावर पास, बंगळुरूला सीट पक्की, असं त्याचं म्हणणं. सोबत रंगीत माहितीपत्रक, त्यावर पांढऱ्या टोप्या घातलेल्या हसऱ्या मुली. बाबांनी स्टँडवरच्या रसवंतीत 10 हजार रुपये मोजले. ओरिजिनल टीसीही देणार होते. आईनं तो पोळपाटाखाली दडवला आणि ‘सापडत नाही’ म्हणून सांगितलं.

बंगळुरूला चांगली कॉलेजं आहेत, इथल्या कितीतरी मुली तिकडून शिकून आल्या आहेत. माझं भांडण गावाशी नाही, त्या माणसाशी आहे. कॉलेजला मान्यता कोणाची, तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होणार का, पुढं महाराष्ट्रात नोकरी करायची तर ती नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे कशी आणायची, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘ते नंतर पाहू.’ चार वर्षं आणि काही लाख रुपये घालवून ‘नंतर’ पाहायचं! 10 हजार गेले ते गेलेच. बाबा अजून त्या रसवंतीसमोर थांबत नाहीत.

(दृश्य: जिल्ह्याच्या ठिकाणी सामाजिक न्याय भवनाची पायरी. हातात फायली घेतलेली माणसं.)

आता पेटीकडे येऊ.

आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी. जातीचा दाखला होता. नॉन क्रिमीलेअर काढायला सेतूत दोन चकरा झाल्या. अडकलं ते जात पडताळणीवर, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे तपासून घेण्यावर. त्याला सगळे नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींना 1950च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्यांना 1961च्या आधीचा. आता ज्या घरात आबांच्या पिढीपर्यंत कोणी शाळेची पायरी चढलं नाही, त्यांनी 1967च्या आधीचा कागद आणायचा कुठून? याचं उत्तर मला कोणत्याही खिडकीवर मिळालं नाही.

आमचं नशीब एवढंच, की आबा दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. 1958 साली नाव घातलेलं. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर गुरुजींनी कपाटावरून काढलं, तेव्हा त्याच्या दोन कोपऱ्यांना वाळवी लागलेली होती. आबांची ओळ मधल्या पानावर होती. नाव, बापाचं नाव, जात, गाव. आणि शाळा सोडण्याचं कारण, ‘गुरे राखणे’.

आबांना ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘पोट्टीले नर्स कराले माह्या ढोरं राखनं कामी आलं म्हना की!’

(दृश्य: रात्र. मोबाइलच्या उजेडात चेहरा.)

सीईटीत तिचे पर्सेंटाइल 70च्या आत राहिले. फार चांगले नाहीत, अगदी वाईटही नाहीत. कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या पहिल्या यादीत नाव नाही. चूक आमची होती. ऑप्शन फॉर्ममध्ये आम्ही पाचच कॉलेजं भरली होती. तीन सरकारी, दोन जवळची. सरकारी कॉलेजं वरच्या मार्कांवरच भरतात, ते भरताना आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आशा. दुसऱ्या फेरीला सायबर कॅफेवाल्या पोरानं दम दिला, ‘अंतर कायले पाहून राहिली तू? यादी लांब भर.’ तिनं भरली. दुसऱ्या फेरीतही काही नाही. त्या आठवड्यात ती जेवायला बसायची आणि ताटावरून उठून जायची. आई जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं विचारून आली. त्याला सायन्सची सक्ती नसते, बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय असला की अर्ज करता येतो, कोर्स 3 वर्षांचा. तोही फॉर्म भरून ठेवला.

तिसऱ्या फेरीत नाव लागलं. खासगी कॉलेज, घरापासून 200 किलोमीटरच्या वर.

पैशाचं गणित इथं महत्त्वाचं. 2024-25पासून राज्य सरकारनं आर्थिक दुर्बल, मराठा समाजाच्या एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर माफी नाही. म्हणजे पहिल्या यादीनंतर घाबरून कुणाच्या ओळखीनं कोट्यात सीट घेतली असती, तर सगळी फी आमच्या डोक्यावर बसली असती. होस्टेल, मेस, युनिफॉर्म, बूट, पुस्तकं हे मात्र माफीत नाही. त्यासाठी या वर्षी एक बैल विकला. दुसरा एकटा काय कामाचा, म्हणून नंतर तोही.

(दृश्य: होस्टेलची खोली. चार कॉट. दोरीवर वाळत घातलेले पांढरे एप्रन.)

हिच्या खोलीत एक ताई आहेत, 34 वर्षांच्या. हिच्यापेक्षा दुप्पट वयाच्या म्हटलं तरी चालेल. त्या पोस्ट बेसिक बीएस्सी करतात, जीएनएम झालेल्यांसाठीची डिग्री, 2 वर्षांचा कोर्स. सुरुवात एएनएमपासून, म्हणजे नर्सिंगच्या पहिल्या पायरीच्या कोर्सपासून. मग उपकेंद्रावर आरोग्यसेविका. लसीकरणाच्या पेट्या खांद्यावर घेऊन पावसात फिरल्या. मग जीएनएम केलं, मग एका दवाखान्यात नोकरी, आणि आता हे. बारावीला किती होते, असं मी कॅमेरा चालू असताना विचारलं.

‘आठवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खरंच आठवत नाही हो. कोणी विचारलंच नाही इतक्या वर्षांत. सलाइन लावता येतं का, ते विचारतात.’

पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909मध्ये सेवासदन सुरू केलं आणि तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं, तेव्हाही त्या बायकांच्या हातात फारसे दाखले नसणार. लोकांनी नाकं मुरडली. नाकं आमच्या गावात आजही मुरडतात, फक्त शब्द बदललेत. ‘नाइट ड्युटी असते म्हने,’ असं आता हळूच म्हणतात. आणि रात्री कोणाच्या घरी ताप वाढला की ‘तुमची पोरगी कवा येनार?’ असं मोठ्यानं विचारतात.

(दृश्य: प्रात्यक्षिकाची खोली. कॉटवर रबरी पुतळा. विद्यार्थिनी चादरीचे कोपरे दुमडताहेत.)

अभ्यासाचं खोटं सांगणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत तिला पुन्हा आकडे भेटले. बारावीत 35ला पास होतात, इथं थिअरीत 50 लागतात. इंग्रजीला तेवढी सूट आहे, 40. पुस्तकं सगळी इंग्रजी. ॲनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत तिला निम्म्याच्या खाली पडले. तिनं फोन केला, बोलली नाही, नुसती धरून होती. मग म्हणाली, ‘ठेवते. बेड मेकिंगची परीक्षा आहे.’ बेड मेकिंगमध्ये ती वर्गात पहिल्या तिघींत आली. घरी कधी अंथरुणाची घडी न करणारी!

(दृश्य: दिवाळीची सुट्टी. तीच ओसरी. आबा बाजेवर, बहीण शेजारी पाटावर. हातात सेकंदकाटा असलेलं घड्याळ.)

हे चित्रीकरण ठरवून केलेलं नाही. ती प्रॅक्टिस म्हणून घरातल्या सगळ्यांची नाडी मोजत होती, मी कॅमेऱ्याची बॅटरी तपासत होतो.

तीन बोटं मनगटावर. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पूर्ण एक मिनिट मोजायचं, 15 सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. आबा बोलत होते, रजिस्टरचं, गुरांचं, गुरुजींनी मारलेल्या छडीचं. ती म्हणाली, ‘आबा, बोलू नका.’ आबा गप्प झाले. त्यांना असं कोणी सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

मिनिट झालं. तिनं आकडा सांगितला नाही. मनगट सोडलंही नाही. घड्याळाचा काटा पुन्हा बारावर यायची वाट पाहिली आणि पुन्हा मोजायला लागली.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘एक ठोका मध्येच सुटतोय. थांब.’

(दृश्य तसंच राहतं. आवाज फक्त घड्याळाचा.)