सहापर्यंत मोजणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. आपल्यापैकी बरेचजण सिडनीच्या पॅरामॅटा, वेस्टमीड, हॅरिस पार्क या पट्ट्यात राहतात. मार्च लागला की आपल्या ट्रेनमध्ये पॅरामॅटा संघाच्या निळ्या-पिवळ्या जर्सी दिसायला लागतात आणि सोमवारी सकाळी ऑफिसात कुणीतरी कॉफीचा कप हातात घेऊन तणतणत असतो, "रेफनं लुटलं आम्हाला!" स्कोअर काय झाला, ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) कुणी केली, हे त्याच्या बोलण्यात नंतर येतं, आलं तर. आज या रेफविषयी, म्हणजे रग्बी लीगच्या पंचाविषयी आणि त्याच्या नावानं वर्षभर शिमगा करणाऱ्या चाहत्यांविषयी बोलणार आहे.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरला, आडवा केला, की झाला एक टॅकल. तो उठतो, पायानं चेंडू मागे सारतो, खेळ पुढे चालू. असे सहा टॅकल मिळतात. सहावा पूर्ण झाला की चेंडू समोरच्यांचा. त्यामुळे पाचव्या टॅकलनंतर बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब धाडतात. म्हणजे पंचाचं पहिलं काम काय, तर सहापर्यंत मोजणं.

आता यात कसली चूक होणार, असं वाटेल. झाली, आणि ती आपल्याच पॅरामॅटाच्या मुळावर आली. साल १९७८. पॅरामॅटा १९७६ आणि १९७७ अशा सलग दोन वर्षी अंतिम सामना हरलेला, त्यामुळे चाहते आधीच पोळलेले. बाद फेरीत मॅन्लीविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला, म्हणून पुन्हा खेळवला. त्या सामन्यात मॅन्लीनं एक ट्राय केली, ती सातव्या टॅकलवर. पंच होते ग्रेग हार्टली. मॅन्ली जिंकला आणि पुढे विजेताही ठरला. पॅरामॅटाला पहिलं विजेतेपद मिळायला १९८१ उजाडलं. पण जुन्या चाहत्यांसमोर आजही हार्टलींचं नाव काढून पाहा. वाफाळलेला चहा थंड होईल, विषय संपणार नाही.

तेव्हा मैदानात एकच पंच होता, टीव्हीवरून निकाल द्यायची सोय नव्हती, असं म्हणून सोडून देता येईल. पण २०१३ चं काय? बाद फेरीत क्रोनुला विरुद्ध नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज. मैदानात दोन पंच, रेषेवर दोघे, वर व्हिडिओ पंच. एवढ्या डोळ्यांदेखत क्रोनुलानं सातव्या टॅकलवर ट्राय केली आणि सामना २०-१८ असा दोन गुणांनी जिंकला. त्याच्या आदल्या वर्षीही हेच काउबॉइज एका वादग्रस्त निर्णयाचा मार खाऊन स्पर्धेबाहेर गेले होते. काउबॉइजच्या गावच्या, टाउन्सव्हिलच्या माणसाला तुम्ही सांगून बघा, की पंच सगळ्यांना सारखेच चुकतात म्हणून.

मोजण्यातली चूक निदान सिद्ध तरी करता येते. चित्रफीत मागे न्या, बोटं मोजा, सात म्हणजे सात. खरा घोळ आहे तो ज्याला मोजमाप नाही त्या गोष्टींचा. पाडलेल्या खेळाडूच्या अंगावरून बचाव करणाऱ्यानं किती चटकन उठायचं? अर्धा सेकंद जास्त पडून राहिला तर गुन्हा, की दमला बिचारा? बाकीच्या बचावपटूंनी दहा मीटर मागे जायचं असतं. ते दहा मीटर मैदानावर कुणी आखून ठेवलेले नसतात. पंच स्वतः मागे पळत जाऊन जिथे उभा राहतो तिथे ती रेषा. प्रत्येक टॅकलला नवी. सामन्यात असे शेकडो टॅकल. खडूस पंच मिळाला तर एका सामन्यात वीस पेनल्टी काढेल, दुसरा पाचावर भागवेल, आणि नियमाच्या पुस्तकात बघायला गेलात तर दोघेही बरोबर. या खेळाचा जन्म १८९५ चा, उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डचा. तिकडच्या स्टँडमधून आजही सगळ्यात जास्त ऐकू येणारी आरोळी एकच: "गेट देम ऑनसाइड!" त्यांना मागे घे रे बाबा!

इथं एक गंमत सांगते. ऑस्ट्रेलियात २००९ पासून दोन पंच असायचे. एक दहा मीटरवर, दुसरा टॅकलच्या अगदी शेजारी. २०२० मध्ये कोविडनंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा एक पंच कमी केला. पंचांच्या संघटनेनं विरोध केला, तो चालला नाही. उरलेला पंच दहा मीटरवरच उभा. म्हणजे टॅकलमधल्या ज्या हातचलाखीवरून लोक सगळ्यात जास्त ओरडतात, ती तो आता लांबून बघतो. त्याच वेळी दुसरा बदल आला. टॅकलमध्ये रेंगाळलं तर पेनल्टीऐवजी नुसती घंटा वाजते आणि हल्ला करणाऱ्यांना सहा टॅकल पुन्हा पहिल्यापासून मिळतात. खेळ वेगवान झाला खरा. पण पूर्वी शिट्टी वाजली की खेळ थांबायचा, पंच कारण सांगायचा, आपण मनसोक्त बोंब मारायचो. आता घंटा कशासाठी वाजली हे कळेपर्यंत चेंडू चाळीस मीटर पुढे. कारण न कळता शिक्षा झाली की माणूस जास्त चिडतो, हे आमच्या स्टँडमध्ये बसून मी दर मोसमात बघते.

म्हणूनच मला २०१९ चा अंतिम सामना फार महत्त्वाचा वाटतो. सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स, ८-८ बरोबरी, शेवटची काही मिनिटं. कॅनबेरा १९९४ नंतर पहिल्या विजेतेपदाच्या दारात. उंच मारलेल्या चेंडूवर झटापट झाली, पंच बेन कमिन्स यांनी डोक्यावर हात हलवला. म्हणजे रूस्टर्सचा हात चेंडूला लागला असं समजून पुन्हा सहा टॅकल. कॅनबेराच्या जॅक वायटनपर्यंत चेंडू आला, आता टॅकल शिल्लक आहेत या हिशेबानं त्यानं तो पोटाशी धरला आणि पडला. तोवर सहकारी पंचांनी कमिन्सना कानात सांगितलं होतं, की चेंडूला रूस्टर्सच्या खेळाडूचा हात लागलेलाच नाही. इशारा मागे घेतला, चेंडू रूस्टर्सना. लगेच जेम्स टेडेस्कोची ट्राय, १४-८, खेळ खलास. आता बघा, अंतिम निर्णय बरोबर होता. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनीही तेच सांगितलं. तरी कॅनबेराचा राग बिनबुडाचा नव्हता, कारण वायटननं पंचाच्या हाताकडे पाहून डाव ठरवला आणि त्याचा हातच खोटा निघाला. शेवटचा टॅकल आहे हे ठाऊक असतं तर त्यानं लाथ मारली असती. माझ्या मते सातव्या टॅकलपेक्षा ही चूक मोठी. चाहत्यांना पंच देव हवा असतो असं नाही. त्यानं एकदा सांगितलं की ते पक्कं असावं, एवढंच हवं असतं.

सिडनीतच २०१६ पासून 'बंकर' आहे, अनेक कॅमेऱ्यांतून उलटसुलट बघून निर्णय देणारी खोली. त्यानं चुका कमी झाल्या असतील, भांडणं नाही. कारण एखादी गोष्ट इतकी हळू करून दाखवली की प्रत्येक स्पर्श मुद्दामच केल्यासारखा दिसतो. २०२० पासून कर्णधारालाही दाद मागता येते. याचा एक अनपेक्षित फायदा झाला: दाद फुकट घालवली की निम्म्या शिव्या आता आपल्याच कर्णधाराला पडतात!

पण शिव्यांनाही एक हद्द असते. २०१७ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑकलंड, इंग्लंड विरुद्ध टोंगा. ०-२० नं मागे पडलेल्या टोंगानं शेवटच्या काही मिनिटांत तीन ट्राय केल्या, २०-१८. अखेरच्या क्षणी अँड्र्यू फिफिटा रेषेकडे झेपावला, चेंडू सुटला, पंच मॅट चेचिन यांनी खेळ थांबवला. शिट्टी आधीच वाजल्यामुळे चित्रफीत बघायचा प्रश्नच उरला नाही. टोंगाचे लोक ऑकलंडच्या रस्त्यावर उतरले, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण चेचिनना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, एकदोन नव्हे, हजारोंनी. पुढच्याच वर्षी त्यांनी पंचगिरी सोडायचा विचार जाहीर केला. मैदानात "डोळे फुटले का रे?" असं ओरडणारा आणि घरी जाऊन अशी धमकी टाइप करणारा, या दोघांना मी एका पंगतीला बसवणार नाही. पहिल्यानं तिकीट काढलेलं असतं.

आपल्यापैकी काहींची मुलं इथं ज्युनियर लीग खेळतात. तिथला पंच बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा किंवा पोरगी असते. रेषेबाहेरचे काका-काकू मात्र टीव्हीवरच्या बंकरच्या तोऱ्यात बोलतात. ऐकवत नाही.

येत्या रविवारी सामना बघायला गेलात तर सहा टॅकल चेंडूकडे बघू नका, फक्त पंचाकडे बघा. उलट्या पावली दहा मीटर पळताना तो पडलेल्यावर नजर ठेवतो, तोंडानं "मूव्ह! मूव्ह!" चालू असतं, मनात आकडा. पाच झाले की हात वर जातो, पाची बोटं पसरून. तुम्हीही मोजा. तुमचे सहा झाले असतील आणि त्याचे पाच, तर मात्र खुशाल ओरडा. नमस्कार.