अर्धा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या माणसांविषयी बोलणार आहे, त्यातलं एखादं तरी तुमच्या मजल्यावर राहत असेल. नवऱ्याचं किंवा बायकोचं लांबलेलं आजारपण काढलेलं, आणि आता मागे एकटं उरलेलं. मीही त्यातलाच. घरात मृत्यू झाला की आपल्याकडे शेजारी धावून येतात, डबे येतात, कुणी ना कुणी सोबतीला असतं. पण ज्यानं आजारपण काढलं, त्याचं माणूस जातं आणि त्याच दिवशी हातातलं कामही जातं. पुन्हा सांगतो, माणूस जातं आणि त्याच दिवशी कामही जातं. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते, दुसरी कुणाला दिसत नाही.

आता काम म्हणजे किती? माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत दवाखान्यातली असते तशी लोखंडी कॉट आली, भाड्याची. दिवसा नर्सिंग ब्युरोची बाई, रात्री मी. दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण माकडहाडापाशी, टाचांपाशी कातडी लाल झाली की बेडसोअर व्हायला वेळ लागत नाही. भरवताना पाठीला उश्या लावून ताठ बसवायचं. पाणीसुद्धा घट्टसर करून चमच्यानं द्यायचं, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात उतरतं. पेज गिळली की नाही ते मी तिच्या गळ्याकडे बघून ओळखायचो. घाटी हलली की पुढचा चमचा. तोवर चमचा धरून थांबायचं.

ती गेली. कॉटवाल्याची पोरं येऊन कॉट घेऊन गेली. लादीवर चार पायांचे गंजाचे डाग राहिले. रात्री दोनला मला जाग यायचीच. उठून बसायचो, आणि कूस कुणाची बदलायची?

भेटायला येणारे म्हणायचे, "सुटल्या हो बिचाऱ्या." मग आवाज खाली आणून, "तुम्हीही सुटलात." खरं सांगू? थोडा सुटलोही होतो. सलग झोप मिळत होती. ज्यांनी असं दुखणं काढलंय त्यांना ही सुटका ठाऊक असते आणि तिची लाजही ठाऊक असते. श्रोतेहो, लाज वाटून घेऊ नका. दमलेलं शरीर झोप मागतं, त्यात गेलेल्या माणसाचा काही अपमान नसतो.

दुसरा सल्ला सगळे देतात तो छंदाचा. "मन रमवा." माझ्या धाकट्या मेव्हण्यानं मला शिवाजी पार्कला हास्यक्लबात नेलं. पहाटे सहाला हात वर करून हा-हा-हा. आता माझं मत विचाराल तर पहाटे सहाला हसण्यासारखं या मुंबईत काही घडलेलं नसतं. ज्यांना मानवतं त्यांनी जरूर जावं. मी गेलो बाजारात.

तर बाजाराची गोष्ट. ही मी जिथे जाईन तिथे सांगतो, तेव्हा ज्यांनी ऐकली असेल त्यांनी सांभाळून घ्यावं.

तेराव्यानंतर कितीतरी दिवस घरात मासळी शिजली नव्हती. एका रविवारी पिशवी घेतली आणि सिटीलाइटच्या बाजारात गेलो. पत्नीची ठरलेली कोळीण होती, तिच्यासमोर उभा राहिलो. बोंबलांचे वाटे लावलेले, ओलेगार, पांढरेशुभ्र. म्हटलं, "बाय, अर्धा वाटा दे." तिनं वर पाहिलं. "अर्धा वाटा कोन देतो रं बाबा? घ्यायचा तर अक्खा घे." म्हटलं, "एकटा माणूस आहे, अख्खा वाटा घेऊन करू काय?" यावर ती काही बोलली नाही. माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते, माझ्याच वयाचे, हातात तशीच कापडी पिशवी. तिनं कोयत्याच्या टोकानं त्यांच्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "ह्ये पन मगाधरनं अर्धाच मागतान. दोघं मिळून एक घ्या नि वाट मोकळी करा."

झालं. दोघांनी मिळून एक वाटा घेतला. वाट्यात निघाले नऊ बोंबील. चार त्यांना, चार मला, नववा कुणाला? आम्ही दोघंही "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत राहिलो आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबली. बाई वैतागली. म्हणाली, "जो आधी आला त्याचा." आधी मी आलो होतो. नववा बोंबील माझ्या पिशवीत पडला.

हा नियम पुढच्या रविवारीही चालू राहिला. बांगडे असोत, मांदेली असोत, वरचा नग आधी येणाऱ्याचा. पापलेटाच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पापलेट हा उगाच मोठेपणा मिळालेला मासा आहे, कालवण खावं तर बांगड्याचंच, पण ते राहू दे. सांगायचं काय, तर ते गृहस्थ पुढच्या खेपेला माझ्या आधी हजर. त्याच्या पुढच्या खेपेला मी त्यांच्या आधी. ते आठला आले तर मी साडेसातला. दोन शिकलेसवरलेले पेन्शनर, एका बोंबलासाठी! आणि मजा अशी की शनिवारी रात्री मी गजर लावून झोपायला लागलो. दोनची जाग कधी बंद झाली, कळलंच नाही.

एका रविवारी दोघंही इतक्या लवकर पोहोचलो की बाईची पाटीच आली नव्हती. बाजार धुवत होते. मग काय, समोर टपरीवर कटिंग घेतला. तोवर आम्ही एकमेकांशी मासळीपलीकडे बोललोच नव्हतो. त्या दिवशी ते बोलले. गोदीत नोकरी केलेले. बायकोला स्मृतिभ्रंश. शेवटी शेवटी ती यांना नवरा म्हणून ओळखेना, आपला थोरला भाऊ समजायची. भावाच्या नावानं हाक मारायची. तो भाऊ कधीच वारलेला. मी विचारलं, "मग तुम्ही काय करायचात?" म्हणाले, "ओ द्यायचो. तिला दादा हवा होता, दादा झालो. राखीपौर्णिमेला हात पुढे केला." चहा संपवून पुढे म्हणाले, "आता घरात हाक मारणारं कुणी नाही. कुठल्याच नावानं."

तेवढ्यात बाई आली. पाटी उतरवली, वाटे लावले. वाट्यात पुन्हा विषम बोंबील. "आज पयला कोन?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणालाच सांगता येईना. तिनं जास्तीचा बोंबील उचलला, स्वतःच्या पाटीत टाकला आणि म्हणाली, "मंग ह्यो माजा."

काचेपलीकडून मला वेळेची खूण होते आहे. कागदपत्रांचं बोलायचं होतं, ते आता भराभर सांगतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या. बँक, पेन्शन, सोसायटी, गॅस, जो तो एक मागतो. दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पुन्हा सांगतो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव लावील, पण फ्लॅटवर हक्क वारसांचा. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. म्हणून मृत्युपत्र दोघंही धडधाकट असतानाच करून ठेवा. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की घरात कुणीतरी "अशुभ बोलू नका" म्हणतं. मग त्याच घरातली भावंडं कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसतात.

तिसरं, हयातीचा दाखला. सरकारी पेन्शनरांनी तो दर नोव्हेंबरात द्यायचा. केंद्र सरकारचे पेन्शनर ८० वर्षांवरचे असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आमच्या भागीदारांच्या बोटांचे ठसे गोदीतल्या कामानं इतके झिजलेत की यंत्र ते घेईचना. बँकेतला मुलगा म्हणाला, "काका, पुन्हा दाबा." काकांनी बोट, अंगठा सगळं दाबून पाहिलं. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. गेल्या नोव्हेंबरात माझ्या नातीनं आम्हा दोघांचंही करून दिलं. फोटोला हसायचं की नाही, यावर दोघांचा वाद झाला.

आणि शेवटचं. जे अजून रुग्णसेवेत आहेत, ज्यांच्या घरी कॉट अजून आहे, त्यांनी सगळं एकट्यानं ओढू नये. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. ज्येष्ठांसाठी देशभर चालणारी हेल्पलाइन आहे, १४५६७. सकाळी आठ ते रात्री आठ. नंबर लिहून घ्या. एक-चार-पाच-सहा-सात.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि भाव कडक. बाई म्हणाली, "सुकी सुकट आनते." सुकटीचा वाटा मोजायचा कसा, यावर आमची बोलणी सुरू आहेत. नमस्कार.