घड्याळ काढून टाकलेला फोटो

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलंय.)

नमस्कार मंडळी.

जेवणाआधी मला वीस मिनिटं दिलीत, आणि आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय. तेव्हा प्रस्तावना रद्द.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना स्पेस नीडल दाखवतो, पाइक प्लेस मार्केटात नेतो, आणि सोबत एखादा तरुण भाचा असेल तर लेक व्ह्यू स्मशानभूमीत ब्रूस लीच्या कबरीपाशी त्याचा फोटो काढतो. मीही सात-आठ भाचे नेले असतील. त्याच स्मशानभूमीत किकिसोब्लू नावाची एक म्हातारी आहे, हे मला फार उशिरा कळलं. ज्या मूलनिवासी सरदाराच्या नावावरून या शहराला सिॲटल म्हणतात, त्याची ही मुलगी. गोऱ्यांनी तिचं नाव ठेवलं प्रिन्सेस अँजलीन. राजकन्या नुसती म्हणायला. १८५५ च्या तहानं तिच्या लोकांनी इथून उठून राखीव प्रदेशात जायचं ठरलं. ही गेली नाही. किनाऱ्याजवळ झोपडीत राहायची, लोकांचे कपडे धुवायची, आणि ओहोटीला चिखल उकरून शिंपल्या काढायची. कोकणातल्या बायका तिसऱ्या काढतात, अगदी तशा. १८९६ साली ती गेली.

त्याआधी शहरातल्या एका स्टुडिओवाल्यानं तिचे फोटो काढले होते. एका फोटोचा एक डॉलर. तिला शिंपल्या खणण्यापेक्षा हे काम बरं वाटलं, असं त्यानंच नंतर लिहून ठेवलंय. मला ते वाक्य फार आवडतं, कारण त्यात ती मॉडेलही नाही आणि राजकन्याही नाही. रोजगार मिळालेली बाई आहे.

तो स्टुडिओवाला म्हणजे एडवर्ड कर्टिस. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या दंतवैद्याकडे भिंतीवर त्याचा एक तरी फोटो असेल. तपकिरी रंग, सुरकुतलेला चेहरा, पिसं, दूरवर बघणारे डोळे. शहरातल्या श्रीमंतांचे फोटो काढून कर्टिसचं उत्तम चाललं होतं. पण १९०० साली तो माँटानात पीगन या मूलनिवासी जमातीचा सूर्यनृत्याचा सोहळा बघून आला आणि झपाटला. ही सगळी माणसं, त्यांच्या चालीरीती, गाणी, कथा नाहीशा व्हायच्या आत नोंदून ठेवायच्या, असं त्यानं ठरवलं. १९०६ मध्ये जे. पी. मॉर्गन या बँकवाल्यानं पाच वर्षांसाठी ७५,००० डॉलर कबूल केले. त्यात कर्टिसचा स्वतःचा पगार शून्य. पाच वर्षांचं म्हणून काढलेलं काम १९३० पर्यंत चाललं: वीस खंड, ऐंशीच्या वर जमाती, चाळीस हजारांच्या आसपास फोटो, शिवाय मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलेली हजारो गाणी. निगेटिव्हच्या काचेच्या प्लेटा घोडागाडीत घालून वाळवंटातून न्यायच्या, म्हणजे काय कष्ट असतील बघा. आपल्या गणपतीत माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर मी अर्धा तास कुरकुरतो.

संसाराचं मात्र वाटोळं झालं. घटस्फोटात स्टुडिओ बायकोकडे गेला, तेव्हा तिच्या हाती लागू नयेत म्हणून बऱ्याच काचा फोडून टाकल्या गेल्या. शेवटी कर्टिसच्या हातात फारसं काही उरलं नाही. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला तो वारला तेव्हा जग त्याला विसरून गेलं होतं.

आता मुख्य गोष्ट. १९१० च्या सुमाराचा त्याचा एक फोटो आहे. पीगन लोकांच्या तंबूचा आतला भाग. लिटल प्लूम नावाचे वयस्क गृहस्थ आणि त्यांचा मुलगा येलो किडनी जमिनीवर बसलेत. समोर चिलीम, मागे टांगलेलं सामान, तंबूच्या कापडातून झिरपणारा उजेड. मूळ काचेवर या दोघांच्या मधे एक वस्तू अगदी स्पष्ट दिसते. गजराचं घड्याळ. गोल तबकडीचं, आपल्या आजोबांच्या उशाशी असायचं तसं. आणि कर्टिसच्या छापील खंडात? घड्याळ नाही. खरवडून, रंग भरून तिथं नुसती अंधुक जागा केलेली.

का काढलं असेल? कारण घड्याळ सांगत होतं की ही माणसं नाहीशी होत नाहीयेत, १९१० मध्ये राहतायत. कर्टिसला ते नको होतं. त्याच्या ग्रंथमालेची सुरुवातच एका नावाजलेल्या फोटोनं होते: घोड्यांवरून काळोखात शिरणारे पाठमोरे नवाहो लोक. फोटोचं नाव ‘अस्तंगत होणारा वंश’. त्याच काळात त्या लोकांची मुलं उचलून निवासी शाळांत घातली जात होती, त्यांचे केस कापले जात होते, आपली भाषा बोलली म्हणून मार मिळत होता. म्हणजे अस्त आपोआप होत नव्हता, कोणीतरी करत होतं. ते कर्टिसच्या चौकटीत फारसं येत नाही. चौकटीत येतो तो सुंदर संधिप्रकाश.

तरी त्याला खोटारडा म्हणून मोकळं व्हावंसं मला वाटत नाही. ज्यांचे पणजोबा त्या खंडांत आहेत, त्यांपैकी कितीतरी घरांत पणजोबांचा तेवढा एकच फोटो आहे. आणि चेहरे खोटे नाहीत हो. घड्याळ पुसता येतं, लिटल प्लूम यांची नजर पुसता येत नाही.

हा सगळा पराक्रम अमेरिकेचाच, असं समजू नका. आपल्या मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक जाणकार फोटोग्राफर. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सननं १८६३ ते १८६६ च्या दरम्यान शहरातल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले. भाटिया, नागर ब्राह्मण, असे गट करून. माणसं स्टुडिओत उभी करायची, फोटोतून कापून काढायची आणि कुठल्यातरी देखाव्यावर चिकटवायची. नीट बघितलं तर पायांखालची सावली चुकलेली दिसते. आज आपण झूमवर पाठीमागे समुद्रकिनारा लावतो, त्याचे हे मूळपुरुष.

याच्या उलट काम करणारी एक बाई आपल्याच वॉशिंग्टन राज्यातली आहे. मटिका विल्बर, स्विनोमिश आणि टुलालिप लोकांपैकी. २०१२ मध्ये तिनं सिॲटलमधलं बिऱ्हाड विकलं आणि गाडी घेऊन निघाली. सरकारी मान्यता असलेल्या जमाती तेव्हा ५६२ होत्या. त्या सगळ्यांकडे जायचं. तिची पद्धत साधी: तुमचा फोटो कुठे आणि कसा काढू, हे समोरच्यालाच विचारायचं. मग कुणी नदीकाठी उभं राहतं, कुणी रोजच्या कपड्यांत. मला वाटतं, कर्टिस आणि ती यांच्यातला सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे.

म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांचे फोटो काढायचं ठरलं तेव्हा मी समितीला एकच अट घातली. नऊवारी-फेटा सक्तीचा नाही. आज मागच्या खोलीत पडदा लावलाय, जेवण झाल्यावर या. ऑफिसचा बिल्ला गळ्यात असेल तर राहू दे. श्रवणयंत्र राहू दे. फोटोखालची ओळ तुम्ही स्वतः लिहायची, मी नाही. काकू, तुम्ही मगाशी विचारलंत ना, गुडघ्याचा पट्टा काढू का म्हणून? तुमच्या मनावर आहे.

हे शहाणपण मला कर्टिसच्या खंडांतून आलेलं नाही. आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर माझा वारीचा फोटो आहे, तो सगळ्यांनी पाहिलाय. दिवेघाट चढून आलेले आजोबा, कपाळावर बुक्का, डोळे मिटलेले, उजवा हात छातीवर. काय तो भाव, असं आजवर पन्नास जणांनी तरी मला सांगितलं असेल, आणि मी मान डोलावत आलोय. आज सांगून टाकतो. आजोबांनी निळं प्लॅस्टिक पांघरलं होतं, ते मी काढायला लावलं. मग त्यांच्या हातातला मोबाईल खटकला. म्हटलं, बाबा, तेवढा आत ठेवता का? भले गृहस्थ. “ठिवतो की,” म्हणाले आणि बंडीच्या खिशात घातला. मी कॅमेरा डोळ्याला लावतोय तोच खिशात फोन थरथरायला लागला. काय करावं त्यांना सुचेना. मी हलू नका म्हणालो होतो. त्यांनी खिशावर हात दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले.

मी आभार मानून चार पावलं गेलो असेन. मागून आवाज आला, “आगं, उचलणार कसा? एक फोटुवाला व्हता. म्हनला, फोन ठिवा.”