आरक्षणाच्या जागेचा सौदा

मंडळी, विकास आराखड्यात जागेवर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडलं की घरात पहिलं वाक्य येतं, 'जागा गेली.' गेली नाही. सातबारा अजून तुमच्याच नावावर आहे. महापालिकेला ती हवी असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे तीन वाटा आहेत: आपसात ठरलेली रक्कम, रकमेऐवजी एफएसआय (त्याच जागेवर जास्तीचं बांधकाम करण्याची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर रीतसर भूसंपादन. तिजोरी रिकामी असल्यामुळे टेबलावर येतो तो बहुतेकदा टीडीआरच. पण तो मालकावर लादता येत नाही, तुमची संमती लागते. सौद्यातली तुमची ताकद इथे आहे.

दुसरी ताकद कलम १२७ ची. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि संपादन झालं नाही, तर मालकीच्या कागदांसह नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ पासून २४. सरकारला आपल्या सोयीची मुदत वाढवून घ्यायला फारसा वेळ लागत नाही, हे जाता जाता सांगतो. नुसता पत्रव्यवहार झाला म्हणजे संपादनाची पावलं उचलली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सांगितलं.

आता टीडीआरचा हिशेब. मुंबईबाहेर विरळ वस्तीच्या भागात साधारण दुप्पट मिळतो. म्हणजे १००० चौरस मीटर दिले तर २००० मिळतील. पण तो जिथे वापरायचा, तिथला रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दर तुमच्या जागेच्या दुप्पट असेल, तर वापरताना तेच २००० घसरून १००० होतात. बिल्डर भाव सांगतो तेव्हा हे गणित त्याने आधीच केलेलं असतं. तुम्हीही करून जा.

समावेशक आरक्षणात शाळा किंवा दवाखाना बांधून ठरलेला भाग पालिकेला द्यायचा आणि उरलेली जागा स्वतः विकसित करायची. मोठ्या जागेला हे परवडतं, गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या मालकाने त्यात पडू नये.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात आगाऊ ताब्यात. 'रस्त्याचं काम थांबलंय, ताबा द्या, टीडीआर मागाहून बघू,' असं कोणी म्हणालं तर साध्या कागदावर सही करू नका. मोजणीचं क्षेत्र, सर्व्हे नंबर, कोणता मोबदला कोणत्या नियमाखाली मिळणार, हे सगळं ताबा पावतीत लिहून घ्या. एकदा डांबर पडलं की पालिकेला घाई नसते.

आणि जागा भारमुक्त हवी. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, सातबाऱ्यावरच्या बहिणींची संमती, हे घरातलं आधी मिटवा. विकास हक्क प्रमाणपत्राच्या, म्हणजे टीडीआर ज्या कागदावर मिळतो त्याच्या, फायली इथेच वर्षानुवर्षं पडून राहतात. जागा सपाट करून दीड मीटर उंचीचं कुंपण घालायचं, तेही मालकानेच. तो खर्च सौद्यात धरायला विसरू नका.