ओठांवर थरथरणारा 'त'

श्रोतेहो, नमस्कार. बसल्या जागी एक करून बघा. 'त' म्हणायला जीभ दातांना टेकवा आणि 'त' सुटता सुटता ओठ थरथरू द्या, तान्हं बाळ तोंडाने फुर्रर्र करतं तसे. जमलं? ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मायसी नदीकाठी राहणाऱ्या पिराहां लोकांच्या बोलण्यात हा आवाज येतो. ही भाषा बोलणारे जेमतेम काही शे. मुरा कुळातली ही एकटीच भाषा आता उरली आहे. बाकीची मुरा माणसं केव्हाच पोर्तुगीज बोलू लागली.

भाषाशास्त्रज्ञ डॅनियल एव्हरेट 1977 साली तिथे गेले आणि पुढे अनेक वर्षं त्या लोकांत राहून ही भाषा शिकले. त्यांच्या मोजणीप्रमाणे स्वर 3 आणि व्यंजनं फक्त 8. बायकांकडे त्यातलंही एक कमी, कारण पुरुष जिथे 'स' म्हणतात तिथे त्या 'ह' म्हणतात. मग इतक्या थोड्या ध्वनींत भागतं कसं? आवाजाच्या चढउतारावर! अक्षरं तीच ठेवून सूर बदलला, की 'कान'चा 'परका माणूस' होतो, नाहीतर ब्राझील नटचं कवच.

बराचसा अर्थ असा सुरात भरलेला असल्यामुळे अक्षरं गाळली तरी बोलणं कळतं. शिकारीला गेलेले पुरुष शिट्टीत बोलतात. धो धो पावसात नदीपलीकडच्या माणसाशी हाकाऱ्यांत बोलणं होतं.

पण तो थरथरता 'त' परक्यांसमोर तोंडातून निघत नसे. बाहेरची माणसं हसायची, म्हणून. मला हे फार लागलं. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून वर्ग हसला, की मान खाली घालून गप्प बसणारं पोर आपणही पाहिलेलं आहे. हाच दुर्मीळ आवाज तिथून 500 किलोमीटरवर, पिराहांशी काही नातं नसलेल्या वारी आणि ओरो विन भाषांतही आहे. त्यातली ओरो विन बोलणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

मायसीकाठी मात्र आई मांडीवरच्या लेकराशी अजून गुणगुणून बोलते. ती अंगाई नसते. ओठ मिटलेले, एकही अक्षर बाहेर पडत नाही, नुसता सूर वर-खाली होतो, आणि ते एवढंसं लेकरू आईचं म्हणणं समजून घेत असतं.